टेलिफोटो लेन्सने चतुर टिपताना

चतुराचे फोटो बिघडतात ते बहुतेक वेळा दोन कारणांनी. एक म्हणजे आपण त्याच्या मागे मागे फिरतो. दुसरं म्हणजे कॅमेरा त्याच्या अंगाला समांतर नसतो, मग डोळे लख्ख येतात आणि शेपटी धुरात हरवते. लेन्स किती मिलिमीटरची, कॅमेरा कोणता, हे प्रश्न त्यानंतरचे. तरी सुरुवात लेन्सपासूनच करू, कारण किती अंतरावर उभं राहायचं हे तीच ठरवते.

चतुर म्हणजे बसल्यावर चारही पंख आडवे पसरून ठेवणारा, मोठ्या डोळ्यांचा. पंख पाठीवर मिटून बसणारी, काडीसारखी बारीक ती टाचणी (काही टाचण्या पंख अर्धवट उघडे ठेवतात, पण अंगकाठीवरून त्या ओळखू येतात). तंत्र दोघांचं बरंचसं एकच आहे. फरक पडतो तिथे वेगळं सांगितलं आहे.

लेन्स आणि दोन आकडे

१०० मिमीच्या मॅक्रो (अगदी जवळून टिपणाऱ्या) लेन्सने एकास एक आकारात, म्हणजे सेन्सरवर किड्याएवढीच प्रतिमा येईल असा, फोटो घ्यायचा तर समोरची काच किड्यापासून साधारण १५ सेंटीमीटरवर न्यावी लागते. पहाटे दवाने गारठलेला चतुर हे चालवून घेतो. दहाच्या उन्हात तापलेला नर चालवून घेत नाही. शिवाय त्याची आवडती काडी बऱ्याचदा पाण्यात, काठापासून दोन मीटर आत असते. तिथे ३०० ते ५०० मिमीची टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्सच पोचते.

पण प्रत्येक टेलिफोटो या कामाची नाही. लेन्सच्या माहितीपत्रकात दोन आकडे शोधा: किमान फोकस अंतर आणि कमाल मॅग्निफिकेशन (सेन्सरवरची प्रतिमा खऱ्या आकाराच्या किती पट). कॅननच्या ईएफ १००-४०० मिमी एल आयएस टूचे आकडे ०.९८ मीटर आणि ०.३१ पट. सोनीच्या १००-४०० जीएमचे ०.९८ मीटर आणि ०.३५ पट. निकॉनच्या ३०० मिमी एफ/४ पीएफचे १.४ मीटर आणि ०.२४ पट. कॅननची हलकी आरएफ १००-४०० तर ०.४१ पटीपर्यंत जाते, या कामासाठी ती फार सोयीची. पक्ष्यांसाठी घेतलेली निकॉन २००-५०० (२.२ मीटर, ०.२२ पट) किंवा सोनी २००-६०० (२.४ मीटर, ०.२ पट) मोठ्या चतुरांना पुरते, टाचणीला कमी पडते. कॅननची जुनी ४०० मिमी एफ/५.६ काचेच्या दर्जात उत्तम, पण ३.५ मीटरच्या आत फोकसच करत नाही आणि ०.१२ पटीवर थांबते. आणि नवशिक्यांकडे बऱ्याचदा असतेच ती कॅननची ईएफ-एस ५५-२५० एसटीएम ०.८५ मीटरवरून ०.२९ पट देते. तिला कमी लेखू नका.

हे पटीचे आकडे मनात उतरायला एक हिशेब करा. ग्रीन मार्श हॉक हा हिरवट-पिवळा, काळ्या पट्ट्यांचा, सडपातळ कमरेचा चतुर सुमारे ५० मिमी लांब असतो. ०.३ पटीवर त्याची सेन्सरवरची प्रतिमा १५ मिमी. एपीएस-सी या छोट्या सेन्सरची रुंदी साधारण २२ ते २३.५ मिमी, म्हणजे दोन तृतीयांश चौकट भरली. फुल फ्रेम या मोठ्या सेन्सरच्या ३६ मिमीत हाच चतुर चाळीस टक्क्यांवर येतो. म्हणून चतुरांसाठी एपीएस-सी बॉडी ही अडचण नसून सोय आहे.

किमान फोकस अंतर सेन्सरपासून मोजतात, काचेपासून नाही. बॉडीवर छोट्या वर्तुळातून गेलेली रेघ असते, ती सेन्सरची जागा. लांब झालेली झूम आणि बॉडीची जाडी वजा केली की ०.९८ मीटरमधले काचेपुढे पाऊण मीटरही उरत नाहीत.

कमी पडणारी पट वाढवायला तीन उपाय आहेत, आणि तिघांचा खर्च वेगवेगळा.

एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे बॉडी आणि लेन्सच्या मध्ये बसवायची नळी, हा आमच्या मते पहिला. ती पोकळ असते, काच नसते, त्यामुळे प्रतिमेचा दर्जा फारसा घसरत नाही. वाढणारी पट म्हणजे ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ (तिचा मिलिमीटरचा आकडा). ३०० मिमीवर २५ मिमीची ट्यूब लावली तर ०.०८ पट वाढते, ३६ मिमीची लावली तर ०.१२. म्हणजे ०.२४ ची लेन्स ०.३६ वर जाते. मोबदल्यात लांबचा फोकस जातो: ३०० मिमीवर २५ मिमीच्या ट्यूबने सुमारे चार मीटरपलीकडचं काहीच स्पष्ट होत नाही. चतुर पाच मीटरवर बसला तर ट्यूब काढल्याशिवाय गत्यंतर नाही. विजेचे संपर्कबिंदू नसलेली स्वस्त ट्यूब घेऊ नका, हल्लीच्या लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र म्हणजेच अ‍ॅपर्चर आणि ऑटोफोकस तिच्यातून चालत नाही. जड लेन्स असेल तर धातूच्या माउंटची ट्यूब घ्या आणि वजन नेहमी लेन्सच्या कॉलरवर (स्टँडला जोडायच्या कड्यावर) पेला. प्लास्टिकची ट्यूब दोन किलोच्या लेन्सखाली वाकते आणि चौकटीची एक बाजू मऊ येऊ लागते.

१.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर (लेन्समागे बसवायचं भिंग) किमान अंतर तेच ठेवून पट १.४ ने वाढवतो आणि एक स्टॉप, म्हणजे निम्मा, प्रकाश खातो. एफ/४ च्या लेन्सवर तो छान बसतो. एफ/५.६ च्या लेन्सवर एफ/८ होतं, आणि जुन्या डीएसएलआरचा ऑटोफोकस तिथे फक्त मधल्या बिंदूवर चालतो किंवा बंदच पडतो.

क्लोज-अप फिल्टर, म्हणजे पुढे फिरवून बसवायची काच, तिसरा. +२ डायऑप्टरची काच आणि लेन्स अनंतावर, की विषय काचेपुढे ५० सेंटीमीटरवर हवा. ३०० मिमीवर पट ०.६ मिळते, भरपूर. पण टेलिफोटो घेतली होती ती अंतरासाठी, तेच गेलं. पहाटेच्या टाचणीला ठीक, दुपारच्या चतुराला नाही.

स्पष्टतेची पातळ चकती

०.३ पटीवर, एपीएस-सी कॅमेऱ्यात, एफ/८ ला (एफपुढचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान) डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे स्पष्ट दिसणारी जाडी, साडेचार मिलिमीटरच्या आसपास असते. फुल फ्रेमवर त्याच पटीला सुमारे सात. चतुराचा एक पंख ३० ते ३५ मिमी लांब. बाजूने फोटो घेताना अलीकडचे पंख तुमच्याकडे तीन सेंटीमीटर आलेले असतात. ते स्पष्ट येणारच नाहीत, एफ/१६ केलं तरी नाही. एफ/११ च्या पुढे गेलात तर डिफ्रॅक्शनने (लहान छिद्रातून उजेड पसरल्याने) सगळाच फोटो मऊ पडायला लागतो. म्हणून अ‍ॅपर्चर बंद करत बसण्यापेक्षा ही साडेचार मिलिमीटरची चकती चतुराच्या अंगावर कुठे ठेवायची ते आधी ठरवा.

तीन जागा चांगल्या आहेत.

बाजूने: डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंतची रेघ सेन्सरला समांतर. पंख धूसर राहिले तरी फोटो पूर्ण वाटतो, कारण अंगावरचे पट्टे, पाय, डोळा एका पातळीत असतात. एफ/८ पुरतं. शेपटी एकीकडे किंचित वळली असेल तर अर्धं पाऊल सरका, बोटभर कोन बदलला की टोक स्पष्टतेत येतं. शेपटीचं टोक आणि डोळा यांच्यावर आळीपाळीने फोकस करून पाहा. फोकसची रिंग हलवावी लागली तर तुम्ही अजून तिरके आहात.

वरून: पंख आणि पाठ जवळपास एका पातळीत येतात. नक्षीदार पंखांच्या चतुरांना हाच कोन हवा. पण बसून स्थिरावल्यावर बरेच चतुर पंख पुढे आणि खाली झुकवतात, तेव्हा पंखांची टोकं पाठीपेक्षा सेंटीमीटरभर खाली जातात. एफ/११ लागतं, तरी टोकं जराशी मऊ राहिली तर चालवून घ्या.

समोरून: फक्त डोळे आणि चेहरा. चकती डोळ्यांच्या पुढच्या भागावर ठेवा, बाकी सगळं विरघळू द्या. इथे एफ/५.६ ते एफ/८ सुंदर दिसतं.

तिरका पाऊण कोन डोळ्यांना मोहक वाटतो आणि फोटोत हमखास फसतो. डोकं स्पष्ट, अंग अर्धवट, पंख एक स्पष्ट तीन धूसर. सरावाच्या काळात तो टाळाच.

सरावासाठी ग्रॅनाइट घोस्टसारखा गुरू नाही. हा करडा, ठिपक्याठिपक्यांचा चतुर खडकावर, दगडी भिंतीवर, सोसायटीच्या कंपाउंडवर पंख भिंतीला चिकटवून बसतो. शहरात टाक्यांच्या आणि साचलेल्या पाण्यात त्याची पिल्लं वाढतात, त्यामुळे तो घराजवळ सापडतो. भिंतीला काटकोनात उभे राहिलात की अख्खा चतुर एका पातळीत. एफ/५.६ वरही टोकापासून टोकापर्यंत स्पष्ट येतो. समांतर म्हणजे काय हे तो एका सकाळी शिकवतो. ग्राउंड स्किमर दुसरा. तो बागेत, पायवाटेवर जमिनीलगत बसतो. उभ्याने थेट खाली पाहिलं तर डोळ्यांपासून जमीन दीड मीटर, म्हणजे बऱ्याच लेन्सचं किमान अंतर नेमकं जुळतं.

त्याच्या मागे जाऊ नका

काडीवर बसून शिकार करणारे चतुर आपली बैठक ठरवतात आणि पुन्हा पुन्हा तिथेच येतात. तळ्याकाठी पाच मिनिटं कॅमेरा खाली ठेवून नुसतं बघा. कोण कुठून उडतो, कुठे परत येतो, दुसऱ्या नराला हाकलून कोणत्या टोकावर बसतो. काळा-पिवळा, सात सेंटीमीटरचा कॉमन क्लबटेल पाण्यावर झुकलेली एकच वाळकी फांदी तासन् तास सोडत नाही. बैठक कळली की सूर्य पाठीशी किंवा खांद्यावरून येईल अशा बाजूला उभे राहा आणि थांबा.

जवळ जायची वेळ म्हणजे तो हवेत असतानाची. तो चिलटामागे उडाला की एक पाऊल पुढे, आणि स्तब्ध. परत येऊन बसतो तेव्हा तुम्ही तिथे आधीपासूनच असता. तो बसलेला असताना सरकायचं तर अर्ध्या पावलाने, सरळ त्याच्या रेषेत. आडवी हालचाल त्याच्या हजारो नेत्रिकांना चटकन दिसते. कॅमेरा आधीपासून डोळ्याला लावलेला असू द्या, जवळ गेल्यावर हात वर नेणं म्हणजे त्याला उडवणंच. वाकून, त्याच्या पातळीच्या जरा खालून जा. सावली त्याच्यावर पडली तर खेळ संपला. कपड्यांच्या रंगाची लोक फार काळजी करतात, हालचालीची त्याच्या दहावा हिस्साही करत नाहीत.

पहिला फोटो तीन मीटरवरूनच घ्या, मग दोनवरून, मग किमान अंतरावरून. तो उडून गेला तरी हातात काहीतरी राहतं.

त्याच्या अंगाची भाषा वाचा. पंख पुढे झुकले म्हणजे स्थिरावला. डोकं झटक्याने वर वळलं म्हणजे काहीतरी दिसलंय, उडेल आणि बहुधा परत येईल. पहाटे बसल्याजागी पंख थरथरायला लागले म्हणजे अंग गरम करतोय, तुमच्याकडे थोडाच वेळ आहे. भर दुपारी शेपटी सूर्याकडे उभी करून शीर्षासनात बसलेला दिसतो, कारण तसं अंगावर ऊन कमी पडतं. हे आसन बाजूने टिपायला फार देखणं आणि सोपं, कारण अख्खं अंग उभ्या रेषेत येतं. कॅमेरा उभा धरा. आणि शिकार खात असलेला चतुर जागा सहसा सोडत नाही. मार्श हॉक तर दुसऱ्या चतुराला किंवा फुलपाखराला धरून दहा-दहा मिनिटं बसलेला मिळतो.

बैठक वाईट असेल, म्हणजे मागे प्लास्टिकच्या पिशव्या किंवा पुढे गवताची पाती, तर स्वतःची काडी रोवा. कंबरेइतकी उंच, वाळलेली, करंगळीहून बारीक काडी काठावर अशा ठिकाणी खोचा की तिच्यामागे किमान तीन मीटर काही नाही. आसपासच्या गवताहून ती वीतभर उंच हवी. नर पंधरा-वीस मिनिटांत तिचा ताबा घेतो. जिवंत फांद्या तोडायची त्यासाठी गरज नाही.

पार्श्वभूमीचं गणित टेलिफोटोत फार सोपं होतं. ३०० मिमीची लेन्स एपीएस-सीवर जेमतेम पाच अंश पाहते. वीस सेंटीमीटर डावीकडे सरकलात, गुडघ्यावर बसलात, की मागचा पांढरा दगड जाऊन हिरवी शेवाळ येते. चतुराकडे बघून झालं की नजर चौकटीच्या चारही कोपऱ्यांवर फिरवा आणि मगच बटण दाबा.

वारा असेल तर वाऱ्याला आडवे उभे राहा, म्हणजे काडी चौकटीत डावी-उजवीकडे डोलेल, तुमच्याकडे मागे-पुढे नाही. स्पष्टतेच्या पातळ चकतीतून ती बाहेर जात नाही. चतुर बऱ्याचदा वाऱ्याकडे तोंड करून बसतो, त्यामुळे याच जागेवरून त्याची बाजूही मिळते.

सेटिंग

मॅन्युअल मोड, ऑटो आयएसओ (उजेडाला सेन्सर किती संवेदनशील, तो आकडा). अ‍ॅपर्चर एफ/८, शटर १/८०० पासून सुरू करा. नुसतं हातात धरून ३०० मिमीला एपीएस-सीवर १/५०० च्या खाली जाऊ नका. इतक्या जवळून लेन्स डुलण्यापेक्षा सरकण्याचा त्रास जास्त होतो, आणि तो लेन्समधल्या स्टॅबिलायझरला नीट आवरत नाही. त्यामुळे चार स्टॉपचा दावा इथे खरा ठरत नाही. आयएसओ ८०० ते १६०० ला घाबरू नका, दाणे काढता येतात, हललेला डोळा सुधारता येत नाही.

मोनोपॉड, म्हणजे एकपायी स्टँड, हे या कामाचं खरं हत्यार आहे. खाली-वरची हालचाल थांबते आणि पाऊल टाकणं मोकळं राहतं. मागे-पुढे डुलणं मात्र उरतं, आणि साडेचार मिलिमीटरमध्ये तेच घात करतं. उपाय म्हणजे चार-पाच फ्रेमचे छोटे बर्स्ट, श्वास सोडून झाल्यावर. दहापैकी दोन काटेकोर आले तर हात चांगला बसला समजा.

फोकस एका छोट्या बिंदूवर, सतत चालणाऱ्या मोडमध्ये, आणि शक्य असेल तर मागच्या बटणावर. रुंद क्षेत्र ठेवलं तर कॅमेरा पुढची पाती किंवा अलीकडचा पंख धरतो. २०२२ मध्ये आलेल्या सोनी ए७आर ५ पासून काही कॅमेऱ्यांत कीटक ओळखण्याची सोय आली आहे. मोठ्या चतुराला तिचा उपयोग होतो, पण गवतातल्या टाचणीला छोटा बिंदूच जास्त भरवशाचा. बारीक टाचणीवर कॅमेरा पुन्हा पुन्हा मागचं पाणी पकडत असेल तर तिने धरलेल्या काडीवर फोकस करा आणि शेवटचा मिलिमीटर हाताने फिरवा.

लेन्सवरचा फोकस लिमिटर (फोकसचं अंतर मर्यादित करणारी कळ) तपासा. तो पक्ष्यांसाठी ३ मीटर ते अनंतवर राहून गेलेला असतो, आणि दीड मीटरवरच्या चतुरावर लेन्स नुसती घरघरत राहते. लेन्स बिघडली म्हणून दुकानात नेण्याआधी ती कळ फुलवर आणा.

उजेडाचा सगळ्यात मोठा सापळा लाल रंग. स्कार्लेट स्किमर, क्रिमसन मार्श ग्लायडर आणि गावातल्या गढूळ तळ्यांवर थव्याने दिसणारा डिच ज्वेल यांच्या नरांवर ऊन पडलं की लाल चॅनल भरून वाहतो. साधा हिस्टोग्राम (पडद्यावरचा उजेडाचा आलेख) सगळं ठीक म्हणतो आणि घरी आल्यावर शेपटीवरच्या रेघा-सांधे गायब, नुसता लाल गोळा. लाल, हिरवा, निळा वेगळे दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम लावा, लाल आलेख उजव्या भिंतीला टेकला की एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजेड कमी-जास्त करायची सोय) −०.७ ते −१ करा. निळसर भुकटी अंगावर आलेल्या नरांचा पांढरेपणाही असाच जळतो. उलट, मागे उघडं आकाश असेल तर +१ लागतं, नाहीतर काळी सावलीच मिळते. फाइल रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) घ्या, लाल रंग परत मिळण्याची थोडी तरी शक्यता राहते.

फ्लॅश गरजेचा नाही, पण दहानंतरच्या उन्हात डोळ्यांखालची काळी सावली उचलायला बरा. −१.३ ते −२ वर, पांढऱ्या पातळ कापडाने किंवा छोट्या सॉफ्टबॉक्सने मऊ केलेला. १/२०० किंवा १/२५० च्या वर शटर नेल्यास हाय-स्पीड सिंक चालू करा, नाहीतर चौकटीचा काही भाग फ्लॅशशिवाय अंधारा राहतो. थेट, मऊ न केलेला फ्लॅश पंखांवर आणि डोळ्यांवर सुईच्या टोकाएवढे पांढरे डाग टाकतो.

कधी आणि कुठे

महाराष्ट्रात आणि गोव्यात सप्टेंबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत चांगला. पाऊस ओसरलेला, डबकी भरलेली, गवत उंच, ऊन स्वच्छ. पावसाबरोबर येणारा पिवळसर वाँडरिंग ग्लायडर तेव्हा मैदानांवर थव्याने घिरट्या घालतो. हाच पुढे समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जातो. तो दिवसभर उडतच असतो, त्यामुळे त्याला बसलेला गाठायचा तर पहाटे किंवा ढगाळ वेळी झुडपाच्या फांदीला खाली लोंबकळलेला शोधा.

पहाटेचा पाऊण तास वेगळाच आहे. सूर्य उगवताना त्याच्याकडे तोंड करून गवताकडे बघा, दवाने भरलेले पंख चमकतात. अंग गार असल्यामुळे चतुर उडू शकत नाही. ट्रायपॉड, लाइव्ह व्ह्यू मोठा करून हाताने फोकस, एफ/११, शटर १/३० सुद्धा चालतं, फक्त दोन सेकंदांचा टायमर किंवा रिमोट वापरा. जुनी लेन्स असेल तर ट्रायपॉडवर स्टॅबिलायझर बंद ठेवा. वारा पडलेला असेल तर फोकस एकेक मिलिमीटर सरकवत सहा-आठ फ्रेम घेऊन नंतर जोडता येतात. दिवसभरात हे एवढ्याच वेळेत जमतं.

साडेसात ते दहा आणि चार ते साडेपाच हे बैठकीवाल्या चतुरांचे तास. सूर्य मावळल्यावर पाण्यावरून सुसाट जाणारा, मागच्या पंखावर पांढरा ढग असलेला लाल शेपटीचा कोरल-टेल्ड क्लाउडविंग दिसेल, पण तेव्हा उजेड उरत नाही. दिवसा तो सावलीतल्या झुडपात लटकलेला असतो, तिथे शोधा.

सह्याद्रीतल्या सावलीच्या ओढ्यांचं गणित निराळं. आंबोलीसारख्या ठिकाणी दाट झाडीखाली एफ/५.६, १/१२५, आयएसओ ३२०० हे रोजचे आकडे. तिथल्या स्ट्रीम ग्लोरी या टाचणीच्या नराचे मागचे पंख उघडले की धातूसारखे हिरवे झळकतात, मिटले की तपकिरी. ती झळाळी उजेडाच्या कोनावर अवलंबून असते, म्हणून फोकस धरून ठेवा आणि पंख उघडायची वाट बघा. पाण्यावरची पांढरी चमक पोलरायझर फिल्टरने जाते, पण दीड ते दोन स्टॉप उजेडही जातो, तेवढा तिथे नसतो.

उडताना

उडत्या चतुरामागे लेन्स फिरवणं सोडून द्या. एकाच जागी तरंगणारा शोधा. मादी पाण्यावर शेपटी आपटून अंडी घालत असते तेव्हा मार्श हॉकसारख्या जातींचा नर तिच्या वर फूटभर अंतरावर राखण करत तरंगतो. तिथे एकदा फोकस करून मॅन्युअलवर टाका, एफ/८, शटर १/२५०० किंवा जास्त, आयएसओ उजेडाप्रमाणे, आणि तो चकतीत शिरताना बर्स्ट सोडा. पंख सेकंदाला तीसेक वेळा हलतात, १/१००० ला अंग स्पष्ट येतं पण पंखांची टोकं पुसट राहतात. अनेकांना ती हालचाल आवडते, आणि ती दोष मानायचं कारण नाही. इलेक्ट्रॉनिक शटर मात्र बऱ्याच कॅमेऱ्यांत हलते पंख वाकडे, रबरासारखे दाखवतो. मेकॅनिकल शटर वापरा. शंभर फ्रेममागे तीन चांगल्या मिळाल्या तर दिवस सार्थकी लागला.

फोटो मऊ आला तर

कारण पडद्यावरच सापडतं. चतुराच्या पुढची किंवा मागची काडी लख्ख असेल तर फोकस चुकला. काहीच लख्ख नाही आणि कडा एकाच दिशेने दुहेरी दिसतात, तर हात हलला, शटर वाढवा. पूर्ण चौकटीवर धुकट पडदा असेल तर पुढचा स्वस्त यूव्ही फिल्टर काढून पाहा, टेलिफोटोवर तो स्पष्टता खातो. एसी गाडीतून कोकणातल्या दमट हवेत उतरल्याबरोबर काचेवर वाफ धरते. बॅग बंद ठेवूनच वीस-तीस मिनिटं बाहेर राहू द्या, मग उघडा.

क्रॉप निम्म्यापर्यंत करायला हरकत नाही. त्याहून जास्त करावा लागत असेल तर फोटो लांबून घेतला गेलाय.

पाय कुठे टाकता

नजर लेन्समध्ये आणि गुडघे जमिनीवर असताना खालचं भान जातं. कोकणातल्या सड्यावर (उघड्या कातळाच्या पठारावर) फुरसं दगडाच्या रंगात मिसळून बसलेलं असतं, भाताच्या खाचरात घोणस. टेकण्याआधी जागा काठीने ठोका, गुडघ्यापर्यंतचे गमबूट घाला. पायाला जखम असेल तर खाचराच्या पाण्यात उतरू नका, पावसाळ्यात लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती खरी आहे. पवई तलावात आणि सांगलीकडे कृष्णेच्या काठाला मगरी आहेत, तिथे पाण्याच्या कडेला पोटावर झोपून फोटो काढायचा मोह अजिबात नको. बांधावरून चालताना शेतकऱ्याला विचारा, आणि बांधाची माती ढासळू देऊ नका. कासच्या पठारावर वाट सोडून सड्यावर पाऊल टाकू नका, तिथली इवली झाडं बुटाखाली मरतात.

चतुराला फ्रीजमध्ये गार करून, काडीला चिकटवून किंवा शेपटीला दोरा बांधून काढलेले फोटो ओळखू येतात: पाय चुकीच्या जागी, पंख अनैसर्गिक वाकलेले. असं करू नका. नुकताच कात टाकून बाहेर आलेला, फिकट आणि काचेसारख्या चमकत्या पंखांचा चतुर तर बोटानेही हलवू नका. त्या पहिल्या तासांत पंख दुमडला तर तो कायमचा दुमडतो.

शेवटचं काम जात ओळखण्यासाठीचं. सुंदर फोटो मिळाल्यावर त्याच चतुराचे आणखी तीन साधे फोटो घ्या: छातीची बाजू पट्ट्यांसकट, पाठ वरून, आणि शेपटीच्या टोकावरचे चिमट्यासारखे अवयव, शक्य असेल तितके मोठे. क्लबटेलच्या नातलगांत आणि बऱ्याच टाचण्यांत रंग सारखे असतात, फरक त्या चिमट्यांत असतो. आयनॅचरलिस्टवर (जीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर) टाकताना तारीख आणि जागेबरोबर पाणी वाहतं होतं की साचलेलं, तेही लिहा.